धुतलेला जोडा

तो जोडा मीच धुतला. ही गोष्ट मी भंडाऱ्याच्या कोर्टात शपथेवर सांगितली, एस.टी.त सांगितली, धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभी राहून सांगितली. तरी आज इतक्या वर्षांनी कुठल्या लग्नात, कुठल्या बारशात कोणीतरी जवळ सरकून विचारतंच, "खरंच तूच धुतला होता का वो?" घ्या! आता काय स्टँप पेपरवर लिहून देऊ?

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. माझं सासर सिहोऱ्याकडचं आणि माहेर दिघोरीजवळच्या एका खेड्यातलं. माय जाऊन वर्ष झालं होतं. घरात बाबा आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. रोवणीच्या, म्हणजे धानलावणीच्या, दिवसांत त्यांच्या पोटात वेळेवर चार घास जावेत म्हणून मी माहेरी येऊन राहिले होते.

आमच्या गावची शेती तलावाच्या पाण्यावर. वरची बांधी भरली की पाणी धुऱ्यातल्या, म्हणजे बांधातल्या, तोंडातून खालच्या बांधीत सोडायचं, अशी रीत. आमची बांधी सगळ्यांत खाली. त्या साली वरच्या बांधीवाल्याने तोंड माती लावून बुजवलं आणि पाणी आपल्याकडेच धरून ठेवलं. आमचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून पडलेले आणि बांधीत चिखल करायलाही पाणी नाही. भाऊ गेला भांडायला. तोंडाचा फटकळ, ते आमच्या घराण्यातच आहे, मी काय कमी आहे का? चार माणसांसमोर तो त्याला म्हणाला, "पाणी पायजे न तुले? याच पाण्यात बुडवतो थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस त्याच्याच बांधीत पालथा सापडला. डोकं मागून फुटलेलं.

सगळं गाव धावलं. भाऊही धावला. पोलिसांची जीप आली, पंचनामा झाला, आणि प्रेत उचलून गाडीत ठेवायची वेळ आली तेव्हा एकेक जण मागे सरकू लागला. उचलायला जे चौघे पुढे झाले त्यात माझा भाऊ होता. नंतर मी त्याला खूप बोलले, की तुला कोणी सांगितली होती ही शहाणपणाची कामं? तो म्हणाला, "बाई, भांडण कालचं होतं. माणूस तं गावचाच होता ना."

दुपारी तो घरी आला तेव्हा मी अंगण सारवत होते. मी त्याला तिथेच थांबवलं. "आत नको येऊ," म्हटलं. पायावर पाणी ओतलं, अंगावरचे कपडे बादलीत टाकायला लावले आणि त्याचा जोडा घेऊन न्हाणीच्या दगडावर बसले. राखेने घासून घासून धुतला. मग गोठ्याच्या कवेलूवर, छपराच्या कौलांवर, वाळत ठेवला. माझी माय असंच करायची. मयतीहून कोणी आलं की आधी पाणी, मग उंबरठा, आणि पायातलं जे असेल ते धुतल्याशिवाय घरात नाही.

आता इथेच सगळी गोम आहे. हे मी आणि माय करायचो ते बाबांच्या पाठीमागे.

बाबा पोस्टमन होते. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून ते नागपूरला दीक्षेच्या मैदानात गेले होते आणि तिथून जे घेऊन आले ते त्यांनी कधी खाली ठेवलं नाही. आमच्या घरी देव्हारा नाही, उपास नाही, सुतक नाही, विटाळ नाही. आजी वारली त्याच्या तिसऱ्या दिवशी ते खांद्याला झोळी लावून डाक वाटायला गेले. कोणी म्हटलं, अहो, सुतकात? तर म्हणाले, "मेलेला माणूस कोणाले बाटवत नाही, बावा. आपल्याले हजार वर्षं विटाळ म्हणून दूर ठेवलं, न आता आपणच विटाळ पाळाचा का?" माझे बाबा बोलायचे कमी, पण बोलले की पंचक्रोशी ऐकायची. आणि मी सांगते, त्यांचं बरोबर होतं. मला तेव्हाही पटायचं, आजही पटतं. पण हाताला लागलेली सवय डोक्याला विचारून थोडीच चालते! माय म्हणायची, "बाबाले नको सांगू वो. उगीच जीवाले लावून घेतीन." मी कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. धुऱ्यावर त्यांना रबरी तळव्याच्या जोड्याचा एक ठसा मिळाला होता, आणि खुनाच्या आदल्या दिवशीच्या भांडणाची बातमी तर गावातल्या कोंबड्यांनाही होती. साहेबाने गोठ्यावरचा जोडा काठीने खाली ओढला. उलटा करून पाहिला. तळव्यात मातीचा कण नाही. रोवणीच्या दिवसांत, जेव्हा गावातल्या माणसांच्या कानात सुद्धा चिखल असतो, तेव्हा!

"हा कोणी धुतला?" साहेबाने विचारलं.

भावाने माझ्याकडे पाहिलं. बाबा दाराशी उभे होते, डाकेवर निघालेले, खांद्याला झोळी. मी जमिनीकडे पाहिलं आणि म्हटलं, "मले मालूम नाही."

तीन शब्द. त्या शब्दांपायी भाऊ दीड वर्ष तुरुंगात बसला, असं मी म्हणत नाही. वकील म्हणायचे की पोलिसांनी त्याला तसंही नेलंच असतं. पण ते माझी समजूत घालायला म्हणत होते, एवढं मला कळतं.

पुढच्या पावसाळ्यात खटला उभा राहिला. तारखेला मी, बाबा आणि गावातली पाच-सात माणसं एकाच एस.टी.ने भंडाऱ्याला जायचो. मी पुढे साक्ष देणार होते म्हणून मला आत बसू देत नव्हते. बाहेरच्या बाकावर बसून मी दरवाजाकडे बघत राहायची, आणि आत काय झालं ते परतीच्या एस.टी.त कळायचं. ज्याने ऐकलं तो सांगायचा, ज्याने नाही ऐकलं तो भर घालायचा.

ठशावरून फार काही निघालं नाही. नागपूरहून आलेले जाणकार म्हणाले, ठसा या जातीच्या जोड्याचा आहे, याच जोड्याचा आहे असं सांगता येत नाही. आमच्या वकिलांनी बाजारातून तसलेच दोन जोडे आणून टेबलावर ठेवले. आठवडी बाजारात एकच दुकानदार, एकच माल. आमच्या गावात घरटी एक तसला जोडा होता. आणि त्या सकाळी अर्धं गाव धुऱ्यावरून तुडवत गेलं होतं. पण सरकारी वकील हुशार बाई. म्हणाल्या, ठसा राहू द्या बाजूला. ज्या माणसाला उद्या सकाळी पुन्हा चिखलात जायचं आहे, तो आज जोडा राखेने घासून कशाला धुतो?

यावर सगळी एस.टी. पेटायची.

"धुतला तं धुतला. माह्या घरी मयतीहून आल्यावर आमी बी धुतो," एक म्हातारा कुणबी म्हणायचा.

"तुमी धुता गा, बुढ्या. हे लोक काहून धुतीन? पोस्टमनच्या घरी हे काहीच पाळत नाहीत, साऱ्या गावाले मालूम आहे."

"मंग रगत लागलं असन."

"अबे, प्रेत उचललं त्यानं! लागलं असन तरी तिथंच लागलं असन ना!"

"मंग लपवाले कायले पायजे?"

बाबा पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसलेले असायचे. कोणी त्यांना विचारायचं धाडस करत नसे. मी मात्र उसळायची. रोवणीतही तेच. ओळीत वाकलेल्या बाया, हात चालू आणि तोंडही चालू. एक जण म्हणाली, "माणूस पाय धुते, जोडा कोणी धुते का बाप्पा?" मी हातातली पेंडी चिखलात आपटली. "मी धुतला! मी! माह्या हातानं धुतला!" ती शांतपणे म्हणाली, "मंग पोलिसाले काहून नाही सांगितलं?" मी पेंडी उचलली आणि पुन्हा वाकले.

एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, ती इथे सांगते. रात्री आडवी झाले की मी तो जोडा मनातल्या मनात पुन्हा धुवायची. पाणी कसं होतं? चिखलाचं, गढूळ. त्यात दुसरं काही होतं का? मी पाहिलंच नव्हतं. माय करायची तसं करत होते, आणि असं काम करताना कोणी पाण्याकडे बघत नाही. भावाने हे केलं नाही हे मला माहीत होतं, जसं मला माझं स्वतःचं माहीत आहे. पण तो जोडा मी धुतला नसता तर तो स्वतःच काय ते बोलला असता. मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

मग बाबांची साक्ष झाली. सरकार पक्षानेच त्यांना बोलावलं होतं, जोडा जप्त झाला तेव्हा ते हजर होते म्हणून. मी बाकावर बसून होते. बाबा बाहेर आले, चष्मा पुसला आणि सरळ नळावर पाणी प्यायला गेले. मागून आमचे वकील आले ते कपाळ धरूनच.

"तुमच्या वडलांनी सगळ्यावर पाणी फिरवलं," ते मला म्हणाले. "त्यांना विचारलं, घरात सुतक-विटाळ पाळता का? म्हणाले, नाही. मयतीहून आल्यावर काही धुणं-बिणं? म्हणाले, माझ्या घरी असं होत नाही. मी उलटतपासणीत विचारलं, मुलीने धुतला असेल का? तर म्हणाले, माझी मुलगी असं करणार नाही."

ती एस.टी. मला आठवते. म्हातारा कुणबीही तंबाखू मळत बाहेर बघत होता. मी बाबांच्या मागच्या सीटवर बसले होते आणि त्यांच्या मानेकडे बघत होते. इतका राग आला होता मला त्यांचा! आणि त्याच वेळी वाटत होतं, या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट कमावली, ती माझ्या हाताने मी कोर्टात जाऊन मोडायची.

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि बसले. "बाबा, मी धुतला होता. माय बी धुवत होती. तुमाले सांगितलं नाही." त्यांनी घास हातातच ठेवला. मग म्हणाले, "भात गार होऊन राहिला." आणि जेवले. इतकंच! मी चुलीपाशी जाऊन रडले आणि भांडी आपटली.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीतले दोन जाणते आले. चांगली माणसं, मला कडेवर खेळवलेली. एक म्हणाले, "बेटा, भावासाठी सांगशील ते सांग. पण उद्या सारे म्हणतीन, पाहा, हे जुनं सोडलं सोडलं म्हणतात न चोरून सारंच करतात. पोस्टमनच्या घरची ही गत, तं बाकीच्यांची काय?" मी म्हटलं, "काका, तुमचं नाक मोठं का माह्या भावाचा जीव?" ते उठून गेले. मी बोलायला नको होतं तसं. ते खोटं बोलत नव्हते.

कोर्टात मला पिंजऱ्यात उभं केलं. साक्ष होऊन गेलेली असल्यामुळे बाबांना आत बसायला हरकत नव्हती. ते शेवटच्या बाकावर होते. मी सगळं सांगितलं. पाणी, राख, दगड, गोठ्यावरचं वाळत घालणं. मग सरकारी वकीलबाई उठल्या.

"पोलिसांना तेव्हा का सांगितलं नाही?"

"बाबा उभे होते."

"म्हणजे?"

"बाबांसमोर सांगितलं असतं तं त्यांना कळलं असतं, का माय बी करत होती. अन् माय तं मरून गेली होती. ती आपली बाजू सांगाले येणार नव्हती."

बाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचे वडील शपथेवर एक सांगतात, तुम्ही शपथेवर दुसरं सांगता. दोघांपैकी खोटं कोण?"

मी, जिच्या तोंडाला सासू घाबरते, ती पिंजऱ्याचा कठडा धरून मागे वळले. बाबा उभे राहिले होते. शिपाई त्यांना खाली बसायची खूण करत होता आणि ते बसत नव्हते. "साहेब, मले अजून बोलाचं आहे," ते म्हणाले. न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं. आमच्या वकिलांनी अर्ज दिला, आणि पुढच्या तारखेला बाबांना पुन्हा साक्षीला उभं केलं. माझं काम संपलं होतं, म्हणून या वेळी मी आत होते.

बाबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. गावची माणसं होती, वस्तीतले ते दोघे जाणतेही आले होते. बाबा न्यायाधीशांकडे बघून बोलले, हळू, पण मागपर्यंत ऐकू येईल असं.

"साहेब, मी मागं बोललो ते खोटं नव्हतं, पण पुरं खरं बी नव्हतं. मी पाळत नाही. पण माह्या घरवालीनं तीस वर्षं माह्या चपला धुतल्या. मयतीच्या घरून आलो का मी चपला दारात काढत होतो, अन् सकाळी त्या ओल्या राहत. मी कधी विचारलं नाही. ओल्या चपला घालून डाक वाटाले जात होतो. मनाले म्हणत होतो, दव पडला असन."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "उन्हाळ्यातही?"

"उन्हाळ्यातही, साहेब."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं लोक हसतील. बाबा पुढे म्हणाले, "मायनं शिकवलं ते पोरीनं केलं. मले मालूम होतं, अन् मी इथं म्हटलं, माह्या घरी असं होत नाही. पोराच्या जीवापेक्षा मी माहा बोल मोठा धरला." मग त्यांनी पाणी मागितलं.

भाऊ सुटला. निकालात जोड्यावर बरंच काही लिहिलं होतं. वकिलांनी वाचून दाखवलं त्यातलं मला एवढंच कळलं की जोडा धुण्याचं जे कारण सांगितलं आहे ते खोटं म्हणता येत नाही, आणि शंका असली तर तिचा फायदा आरोपीला. शंका हा शब्द मला तेव्हा टोचला. आता नाही टोचत. तो खून कोणी केला हे आजवर कोणाला कळलं नाही, आणि त्या मेलेल्या माणसाच्या बायकोला मी बाजारात दिसले की ती रस्ता बदलते. तिला मी काय सांगू?

आम्हाला भाऊ मिळाला, पण बाबांचं काहीतरी गेलं. विहारात ते पुढच्या रांगेत बसायचे, ते मागे, खांबापाशी बसू लागले. कोणी त्यांना हटवलं नव्हतं. ते दोघे जाणते पुन्हा घरी यायला लागले, चहा प्यायला लागले. पण गावात कुठे वाद झाला की पूर्वी "पोस्टमनले विचारा" म्हणायचे, ते बंद झालं. आणि भावाने त्यानंतर कोणाला आपला जोडा धुवू दिला नाही. चिखल वाळून गळून पडेपर्यंत तसाच घालायचा. मी एकदा सहज हात लावला तर ओरडलाच, "ठेव खाली!"

काही वर्षांनी बाबा गेले. चैत महिना, ऊन असं की सकाळी आठलाच अंगण तापायचं. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे सगळं साधं झालं. घाटावर निघताना भावाने बाबांच्या चपला पायात घातल्या. का, ते मी विचारलं नाही. दुपारी तो परत आला तेव्हा मी दारात बादली घेऊन उभी होते. हातांनी आपोआप भरून आणली होती. त्याने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पायांवर घाटावरची राख-माती तशीच घेऊन, चपला पायात ठेवून, सरळ घरात गेला. बाबांच्या फोटोसमोर उभा राहिला. मग बाहेर येऊन चपला दाराशी काढल्या. मी बादली तुळशीत नाही, आमच्याकडे तुळस नाही, पेरूच्या झाडाला ओतली.

सकाळी मी उठले तेव्हा भाऊ आधीच अंगणात बसला होता. दाराशी बाबांच्या चपला होत्या. ओल्या. तळवे घासून घासून पांढरे केलेले, पट्ट्याच्या खाचेत थोडी राख अडकलेली.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर वर केली नाही.

"दव पडला असन, बाई," तो म्हणाला.

मी चपला उचलल्या आणि साऱ्या गल्लीला दिसतील अशा, गोठ्याच्या कवेलूवर वाळत ठेवल्या.